आईचा उजवा हात

आमची इमारत म्हणजे सगळा कलाकारांचा बाजार. तळाला मातीकाम करणारी, मधल्या मजल्यावर छापे काढणारे नवरा-बायको, वर मी. चर्चनं आमच्यासाठी एक फादर नेमले होते. दर मंगळवारी ते जिने चढत यायचे. उपदेश नाही, काही नाही. बाह्या सारून आमचे ब्रश धुवत बसायचे आणि ऐकायचे. मातीवालीकडे त्यांचं हसणं तासभर चालायचं, माझ्याकडे जेमतेम एक चहा. मला ते खुपायचं.

आई गेल्यावर मी तिचं चित्र काढायला घेतलं. प्रदर्शन तोंडावर आलं. चेहरा झाला, खुर्ची झाली, मांडीवरचा उजवा हात काही केल्या जमेना. खरवडून पुन्हा काढला की पुन्हा हातमोजाच.

एका मंगळवारी मी चहा आणायला खाली गेलो. परत येतो तर फादर चित्रासमोर, हातात माझा ब्रश. मांडीवर आईचा हात होता. करंगळी वाकडी, जराशी मागे राहिलेली. ती करंगळी मी साफ विसरलो होतो.

"माफ करा," फादर म्हणाले. "फादर व्हायच्या आधी मी चित्रं काढायचो. हात शिवशिवले."

"पण आईचा हात तुम्हाला कसा आठवला?"

"आजारपणात दर शुक्रवारी त्यांच्या तळहातावर कम्युनियनचा प्रसाद ठेवायचो ना. रंग ओला आहे अजून. खरवडून टाका."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगा मी, चित्रकार मी, आणि हात काढावा ह्यांनी! मी चाकू उचलला. हातापर्यंत नेलासुद्धा. पण तो आईचा हात होता. चाकू खाली ठेवला.

प्रदर्शनात जो तो त्या हातापाशीच थांबायचा. "बाकी ठीक आहे," एक जाणकार म्हणाले, "पण हात काय काढलाय!" फादर कोपऱ्यात स्वतःच्या बुटांकडे बघत उभे होते. मी त्या जाणकारांना "धन्यवाद" म्हणालो.

चित्र मी विकलं नाही. खाली सही माझीच आहे.

फादर अजून मंगळवारी येतात, ब्रश धुतात. मी मात्र चहाला खाली जात नाही. वरच मागवतो.