प्रयोगशाळेमागच्या खोलीतली उमेदवारी

शाळेत मार्गदर्शक शिक्षक हवाच कशाला, असं हल्ली बरेच शहाणे लोक विचारतात. विचारणारे स्वतः बापाच्या ओळखीने कुठेतरी चिकटलेले असतात आणि वर सांगतात, पोरात धमक असली की त्याचं आपोआप होतं. आपोआप काही होत नाही. मी गुरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या पाण्यापासून रखडलेल्या शिष्यवृत्त्यांपर्यंत कशावरही पत्रकं काढतो, आणि माझी भाषा भांडखोर आहे असं प्राचार्यांनी मला तोंडावर सांगितलेलं आहे. हे मात्र पत्रक नाही. मी इथवर पोचलो त्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे आणि त्याला शाळेने बसायला धड खुर्चीसुद्धा दिली नव्हती, तेवढं लिहून ठेवायचं आहे.

मी अगदी लहान होतो तेव्हा ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं. आठवीला पोचलो तर मध्यभारतच आणखी मोठ्या राज्यात जाणार, राजधानी भोपाळला होणार, कचेऱ्या उठणार, असं चाललेलं. ग्वाल्हेरात, दौलतगंजात आमच्या गल्लीला दुसरा विषय नव्हता. कोण भोपाळला जाणार, कोणाला घरी बसवणार, तिकडचं पाणी कसं आहे, गोडा मसाला कुटून मिळेल का. मोठी माणसं अशी हवालदिल झालेली असताना शाळेने आम्हा पोरांना सांगितलं की नववीपासून तुम्ही विषयांचा गट निवडायचा. कला, विज्ञान, वाणिज्य, शेती. एकदा घेतला की बदलायचा नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला जन्माचा निर्णय घ्यायला सांगायचं, तोही त्याच्या घरातल्या कोणालाच उद्याचं काही कळत नसताना, हा कारभार कोणाच्या डोक्यातून निघाला ते मला अजून कळलेलं नाही.

पोरांनी निवड नीट करावी म्हणून एक मार्गदर्शक शिक्षक नेमले. नेमले म्हणजे काय, तर आमच्याच भूगोलाच्या सरांना कुठल्याशा प्रशिक्षणाला धाडलं, आणि ते परत आल्यावर प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली त्यांना दिली. तिथे ॲसिडच्या रिकाम्या बरण्या होत्या, फुटका पृथ्वीचा गोल होता आणि एक बाक होता. भूगोलाचे तास होतेच, ते कमी केले नाहीत. आधी पोरांनी त्यांची खूप टर उडवली. मधल्या सुट्टीत कोणीतरी खोलीच्या दारात उभं राहून अदबीने स्टेशनजवळच्या वस्तीची वाट विचारायचं, "सर, जरा रास्ता बताइए, पडाव जाना है." सरही शांतपणे सांगायचे, "पडाव तो सीधा है बेटा. वहाँ जाके करोगे क्या, वो सोचा है?"

पहिल्याच तासाला त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, पुढे काय काम करायचा विचार आहे. दुकानदारांच्या मुलांनी दुकान सांगितलं, एकाने रेल्वे सांगितली. मग आमची, दक्षिणी म्हणजे मराठी घरांतली पोरं उभी राहिली. एक म्हणाला फराशखाना, म्हणजे दरबाराच्या तंबू-सतरंज्यांचं खातं. दुसरा शिकारखाना. तिसरा खाजगीकडे, म्हणजे महाराजांच्या घरच्या कारभारात, कारकुनी. मी फीलखाना सांगितलं, म्हणजे हत्तींचं खातं, कारण माझे वडील फीलखान्याच्या दफ्तरात होते आणि त्यांचेही वडील तिथेच होते. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने, छाती काढून बोललो. मागच्या बाकावरून खसखस पिकली आणि कोणीतरी म्हणालं, "सर, ये सब तो कबके बंद हो गए." ते खरंच होतं. आमच्यातल्या एकाही पोराने सांगितलेलं खातं धड चालू नव्हतं. सर हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं. आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, वडिलांनी.

सर स्वतः आमच्यातलेच, पण शिपाईगिरीच्या घराण्यातले. त्यांचे वडील संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते आणि रिसाला मोडला तेव्हा घरी आले होते. त्यामुळे बंद झालेलं खातं घरात कसं बसून राहतं ते त्यांना ठाऊक होतं, एवढंच मी पुढे ताडलं. ते स्वतः त्याबद्दल बोलत नसत.

आता उमेदवारी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. संस्थानात नोकरी लागायची तर पोरगा आधी उमेदवार म्हणून दफ्तरात बसायचा. पगार नाही. शाई घोटायची, नकला करायच्या, वडीलधाऱ्या कारकुनांचं पाणी भरायचं, आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, जागा रिकामी होईल आणि आपलं नाव पुढे येईल म्हणून. मी याला आज फुकटची राबवणूक म्हणतो आणि यावर पत्रक काढलं असतं तर मथळाही तोच दिला असता. पण आमच्या घरात तो संस्कार होता, मुंजीसारखा. विलीनीकरणानंतर हत्ती कोणाकोणाला दिले गेले, एक म्हातारी हत्तीण कोणी नेली नाही म्हणून राहिली, आणि तिच्याबरोबर जुने कागद निकालात काढायला वडील राहिले. शाळा सुटली की वडील मला तिथे न्यायचे. बंद होणाऱ्या दफ्तरात मी उमेदवार होतो. गठ्ठे बांधायचे, गाठीवर लाख लावायची. नववीला कला गट घ्यायचा हे वडिलांनी ठरवून टाकलं होतं, कारण दफ्तराच्या माणसाला अक्षर लागतं आणि भाषा लागते. मला कला नको होती. का नको ते सांगता येत नव्हतं. घरात मी वडिलांशी बोलणंच सोडलं होतं.

त्या चिडीत शाळेत एकाला मारलं. तो म्हणाला होता, "इसका बाप हाथी का गोबर गिनता है." मुख्याध्यापक छडी काढून बसले होते. मार्गदर्शक सरांनी मला मागून घेतलं, अडगळीच्या खोलीत नेलं आणि बाकावर बसवलं. मी भाषणाची वाट पाहत होतो. ते म्हणाले, काल दफ्तरात गेल्यापासून निघेपर्यंत काय काय केलंस, सगळं सांग.

मी सांगत सुटलो. हत्तिणीच्या पुढच्या पायाच्या नखाशी गळू झालं होतं. माहूत कडुलिंबाच्या गरम पाण्याने शेकायचा, नखाची कड कानशीने घासायचा, मग हळद-तेल भरायचा. मी पाणी ओतायचो. पू कधी घट्ट येतो, कधी पातळ, घाण वास कधी कमी होतो, हत्तीण कुठे हात लावू देते आणि कुठे सोंड उगारते, जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर महिन्यात एकदा येऊन लांबून बघून जातो आणि मला त्याचा किती राग येतो, हे सगळं मी सांगितलं. घंटा झाली तरी मी थांबलो नाही.

सर म्हणाले, "तू दफ्तरात जातोस ना? कागदांबद्दल एक शब्द बोलला नाहीस."

मला ते आधी कधी दिसलंच नव्हतं. त्यांनी मला डॉक्टर हो असं सांगितलं नाही. जीवशास्त्रासकट विज्ञान घे म्हणजे पुढची वाट मोकळी राहील, पण तुझं गणित कच्चं आहे, ते सुट्टीत माझ्याकडे पक्कं करावं लागेल, एवढंच म्हणाले. आणि राग आला की मारामारी करण्याआधी इथे येऊन बस, दार उघडं असतं, कडी मोडलेली आहे.

मी म्हटलं, वडील ऐकणार नाहीत. गट नोंदवायला पालकाला स्वतः यावं लागे आणि वडिलांच्या शब्दापुढे माझ्या म्हणण्याला काडीची किंमत नव्हती.

एका रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. वडिलांनी त्यांना बसवलं, चहा झाला, आणि मग वडिलांनी स्वच्छ सांगितलं की मास्तर, शाळेत काय शिकवायचं ते तुम्ही बघा, घरात काय करायचं ते आम्ही बघतो. मी आतल्या दाराशी उभा होतो. मला वाटलं आता सर सांगतील की दफ्तर बंद होतंय, मुलाचं नुकसान करू नका. मी असतो तर तेच सांगितलं असतं, तावातावाने. सरांनी ते काढलंच नाही. त्यांनी उमेदवारीची चौकशी सुरू केली. तुमच्या वेळी कसं होतं, उमेदवाराला कोणाच्या हाताखाली देत, काय रीत होती.

वडील खुलले. उमेदवार स्वतःच्या बापाच्या हाताखाली कधी ठेवत नसत, त्यांनी सांगितलं. बाप माया करतो, पोरगं शेफारतं. म्हणून दुसऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडे नारळ घेऊन जायचं, मुलगा त्याच्या हवाली करायचा, आणि एकदा हवाली केला की त्याला काय शिकवता असं बापाने विचारायचं नाही. वडिलांना स्वतःला असंच त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याकडे दिलं होतं.

सर म्हणाले, "मग हा आपल्याच हाताखाली कसा?"

वडील म्हणाले, "द्यायला उरलंय कोण, मास्तर? सगळे गेले. दफ्तर बंद होणार हे मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? गठ्ठे मीच बांधतोय. पण पोराला दुसरं देऊ काय? मला दुसरं काही येत नाही."

आमच्या वडिलांना मी असं बोलताना ऐकलेलं नव्हतं. तोवर मला वाटायचं की त्यांना काही दिसत नाही. त्यांना सगळं दिसत होतं.

"माझ्या हाताखाली द्या," सर म्हणाले. "शाळा काही बंद होत नाही. रीत मोडायची नाही, सगळं आपल्या पद्धतीने करा."

वडिलांनी लगेच हो म्हटलं नाही. सरांचं घराणं शिपायाचं, आमचं दौत-लेखणीचं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू असणार. तो मला तेव्हाही संतापजनक वाटला आणि आजही वाटतो. सर गेल्यावर आई म्हणाली की घोड्यावरचा असला तरी माणूस घरी चालत आलाय. त्यावर वडील हसले आणि मला कळलं की गाडं हललं.

परीक्षा झाल्यावर वडील मला घेऊन शाळेत आले. डोक्यावर दरबारी पगडी, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. मैदानातली पोरं खेळ थांबवून बघत राहिली. "अरे देख, इसकी बारात आई है," कोणीतरी ओरडलं. मी मान खाली घालून चाललो. अडगळीच्या खोलीत सरांनी बरण्या बाजूला सारून जागा केली, कोट चढवला, नारळ दोन्ही हातांनी घेतला. वडील म्हणाले, मुलगा तुमच्या हवाली. सरांनी मला नमस्कार करायला लावला. या प्रकारात सर थट्टेने वागले असते तर वडील परत गेले असते. ते अगदी गंभीर होते, आणि मला वाटतं ते गांभीर्य खरंच होतं, दाखवण्यापुरतं नव्हतं.

सबंध सुट्टी मी सकाळी त्यांच्याकडे गणित करायला जायचो आणि दुपारी हत्तिणीच्या पायाशी. गणिताची मला भीती होती ती गेली असं म्हणणार नाही, पण ती आवरता येऊ लागली. घरी जेवताना मी वडिलांना पायाची सूज किती उतरली ते सांगू लागलो. तेही मग हत्तीण पूर्वी दसऱ्याच्या मिरवणुकीत कशी चालायची ते सांगायचे. आईला हे दोघं बोलतात याचंच एवढं समाधान होतं की ती मध्ये बोलायची नाही.

जुलैत गट नोंदवायचा दिवस आला. शाळेच्या कचेरीत बाबूसमोर पालकांची रांग होती. वडील पगडीशिवाय, साध्या टोपीत आले होते. भोपाळच्या नव्या कचेरीत बदली झाल्याचं त्यांना तोवर कळलं होतं आणि आईला घेऊन ते दिवाळीनंतर जाणार होते. मी शिक्षणासाठी मावशीकडे राहणार होतो. सर रांगेच्या कडेला उभे होते.

बाबूने वडिलांना विचारलं, "कौन सा ग्रुप?"

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नुसता कला एवढा शब्द टाकला असता तरी पुढचं सगळं दुसरंच झालं असतं, आणि तसं करायला त्यांना कोणी अडवणारं नव्हतं.

वडील म्हणाले, "मुझसे क्या पूछते हो? लड़का इनके हाथ के नीचे है." आणि त्यांनी सरांकडे बोट केलं.

बाबूने सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग."

मी विज्ञान सांगितलं, जीवशास्त्रासकट. बाबूने लिहून घेतलं आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर येऊन वडील सरांना म्हणाले, आता दोन-चार वर्षं मी काही विचारणार नाही, रीतच तशी आहे. पण मुलगा रोज येतो की नाही एवढं मात्र भोपाळला कळवत जा.