हक्काचे चार दिवस

पाळीत बाजूला बसवणं हा बाईचा अपमान आहे म्हणे. असेल. पण अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत मला दुसरी विश्रांती होती कुठे?

पाळीच्या आदल्या दिवशी माझी अर्धशिशी उठायची. उजवा डोळा खोबणीतून बाहेर पडेलसं वाटायचं, पोटात पाणी ठरायचं नाही. पण कावळा शिवला की सासूबाई पलंगामागे चटई टाकायच्या. स्टोला हात लावायचा नाही, देवाकडे फिरकायचं नाही. डोळ्यांवर ओली घडी ठेवून मी पडून राहायचे. दुखायचं, पण निदान पडून दुखायचं.

चाळिशी आली तसं अंगावरून जाणं थांबेना. डॉक्टर म्हणाले, गाठी आहेत, पिशवी काढू, त्याबरोबर अंडाशयही काढून टाकू. नणंद म्हणाली, "बरंच झालं गं, डोक्याची कटकटपण जाईल." मलाही तेच वाटलं. पाळीबरोबर येणारं दुखणं पाळीबरोबरच जाणार ना?

कसलं जातंय! टाके सुकतात न सुकतात तोच ते परत आलं, आणि आता त्याला वार नाही की वेळ नाही. अंगातून वाफा निघायच्या, घामाने पोलकं भिजायचं आणि पाठोपाठ डोळा ठणकायला लागायचा.

त्यात गणपती आले. सासूबाईंनी सोवळ्यातला सगळा स्वयंपाक माझ्यावर सोपवला. "आता तुका कसली अडचण?" म्हणाल्या, आणि अगदी मायेने म्हणाल्या. मोदक झाले, गौरी झाल्या, शेजारणीची सून बाजूला बसली की तिच्याकडचा नैवेद्यही मीच करायचा. डोकं धरून बसले तर, "डोकं कुणाचं दुखत नाही?" स्टोचा भपकारा आला की उजवा डोळा मिटायचा. एका डोळ्याने मी मोदकाच्या कळ्या पाडल्यात. चीड यायची, पण काढणार कुणावर?

पितृपक्षात नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, अंडाशय काढले की हार्मोन एकदम तुटतात, काही बायकांची डोकेदुखी उलट वाढते. आता सोसायचं.

मी विचारलं, "ते सगळं परत बसवता येतं का हो?"

डॉक्टर हसले. नवराही हसला. मी खरंच विचारलं होतं.

रिक्षात तो म्हणाला, "उद्या सर्वपित्री, वड्यांचं पीठ आजच भिजव."