आखाजीला न आलेल्या लेकी

झुलालनं लोटनभाऊंना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांना मुंडकं नव्हतं. मे महिन्याच्या भर दुपारी, मांडीवर संगणकाचा डबा घेऊन धुळ्याहून एसटीनं जळगावात उतरलेल्या माणसाला काहीही दिसू शकतं, हे खरं. पण बनियन-पायजमा घातलेलं एक धड खुर्चीवर बसलंय आणि मानेच्या जागी लोखंडी डबा आहे, हे झुलालनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्या धडानं हात लांबवून ब्लोअरचं बटण दाबलं. यापुढची हकिगत झुलाल दर वेळी थोडी वाढवून सांगायचा. आधी गाळा दिसेनासा झाला, मग रस्ता, मग तालुका. असोद्याच्या बायकांनी आंधी आली म्हणून गच्चीवरचे पापड उचलले. भुसावळ जंक्शनवर दोन्हीकडच्या गाड्या दिवे लावून उभ्या राहिल्या. धूळ बसली तेव्हा डब्यातून एक डोकं बाहेर आलं. त्याच्या भुवया, मिशा आणि कानातले केस असे एका रंगाचे झाले होते की झुलालनं त्याला आबा म्हणून हाक मारली. लोटनभाऊ तेव्हा पस्तिशीचे होते.

त्यांनी आधी डबा जवळ ओढला. पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात झुलालच्या डब्याला लावला आणि मग तोच हात नाकाशी नेला. "हिले पानी कोनं पाजलं?" झुलालला कबूल करावं लागलं. यंत्र तापतं म्हणून त्यानं रांजणाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट त्याला गुंडाळलं होतं. वर रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणीही शिंपडत होता. लोटनभाऊ त्या दिवशी हसले नाहीत. पुढची अकरा वर्षं हसले.

झुलालनं धुळ्याचं बस्तान हलवलं, लोटनभाऊंकडून काम शिकून घेतलं आणि त्यांच्या शेजारचाच गाळा घेतला. दोघांचा धंदा एकच. जळगावचा उन्हाळा शेचाळीस-सत्तेचाळीसला जाऊन बसतो, डेझर्ट कूलर दमट वारा सोडतो, आणि त्या वाऱ्यात संगणक आचके देतात. पंखा बदला, धूळ काढा, चिपवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावा. धंदा एक असला तरी देव मात्र दोन होते. लोटनभाऊ निळ्या स्टिकरच्या कंपनीचे, झुलाल लाल स्टिकरच्या. सातासमुद्रापलीकडच्या त्या दोन कंपन्या, कोणाची चिप कमी वीज खाते यावर हातघाईला आल्या होत्या. निळीनं पासष्ट वॅटची काढली की लाल पंचेचाळीसची काढी. मग निळी पस्तिसावर येई, आणि लाल पंधरावर. इकडे जळगावात कटिंगचे ग्लास आपटले जात.

"लोटनभाऊ, मनी कंपनी थंड शे," झुलाल म्हणायचा. "तुनी चिपवर भाकर शेकता यी."

लोटनभाऊंचे मेहुणे दीपनगरच्या वीजकेंद्रात होते. त्यामुळे विजेचा विषय ते घरातलाच समजत. निळ्या कंपनीनं वॅट उतरवल्याची बातमी आली की ते मेहुण्यांना फोन करून सांगत की एक चिमणी आता विझवून टाका, आम्ही इकडे सांभाळून घेतो. लाल कंपनीनं बाजी मारली त्या दिवशी झुलालनं गाळ्यांच्या अख्ख्या संकुलात पेढे वाटले. लोटनभाऊंनी पेढा खाल्ला आणि खवा शिळा असल्याचं सांगितलं. चिप थंड झाली की पंखा कशाला लागेल आणि पंखा गेला की आपण काय करू, हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. बसल्या फांदीवर कोणाची कुऱ्हाड आधी पडते यावर दोघं फांदीवरच बसून चहाची पैज लावत होते.

लोटनभाऊंचा वर्षाचा खरा सण म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, घरोघर पुरणपोळी आणि आंब्याचा रस. लोटनभाऊंना पोरबाळ नव्हतं. पण गावातल्या एका शिक्षणसंस्थेचे सगळे संगणक आखाजीच्या आधी त्यांच्याकडे यायचे. मालवाहू रिक्षा गाळ्यासमोर लागली की ते आतल्या बाजूला ओरडून सांगत, "कुंदा, लेकी आल्या." त्यांच्या पत्नी कुंदाबाई सांजोऱ्यांचा डबा घेऊन यायच्या. एकेक लेक उघडायची, तिला हवा द्यायची, पेस्ट लावायची, आणि ओटी भरावी तसा नवा पंखा बसवून सासरी धाडायची. त्या कामावर घर वर्षभर चालायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या आठवड्यात लोटनभाऊ घरात गुणगुणत असत.

घोळ झाला तो गेल्या दिवाळीत. संस्थेचे चिटणीस भाईदास स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले होते. चहा मागवला गेला, वाद पेटला आणि झुलालच्या अंगात लाल कंपनी संचारली. आता पंख्याशिवाय चालणारी यंत्रं आलीत, टिफिनएवढी, त्यांना ना धूळ ना ताप, असं तो हातवारे करत सांगत सुटला. त्याला लोटनभाऊंना तेवढं चिडवायचं होतं, बाकी काही नाही. भाईदासांनी मात्र सगळं शांतपणे ऐकलं आणि चहा न संपवता उठले.

फेब्रुवारीत संस्थेनं परस्पर पुण्याहून टिफिनएवढी यंत्रं मागवली. चारी बाजूंनी बंद आणि झाकणावर 'उघडू नये' असं स्टिकर. जुन्या लेकी भंगारात गेल्या. आखाजीला कुंदाबाईंनी सवयीनं सांजोऱ्या केल्या. दुपारपर्यंत रिक्षा आली नाही. लोटनभाऊंनी आणि झुलालनं त्या झुलालच्या गाळ्यात बसून खाल्ल्या, आणि झुलालला एकही गोड लागली नाही. मी बोललो नसतो तर, असं त्यानं सुरू केलं, पण लोटनभाऊंनी त्याला थांबवलं.

"मे तं येऊ दे," ते म्हणाले. "जयगावचा मे त्याह्यनं पाह्यलेला नाही. एक तरी येईनच."

मे आला. लोटनभाऊंनी पंख्यांचे खोके पुसून पुढं मांडले. फोन वाजेना. मग ते रोज जेवण झालं की संस्थेत जाऊ लागले. यंत्रं तापत नाहीत म्हटल्यावर तिथला एसी काढून भाईदासांच्या खोलीत बसवला होता. संगणकांच्या खोलीवर पत्रा होता. एके दिवशी झुलाल त्यांच्या मागं गेला. दारातच त्याला वाफारा बसला. लोटनभाऊ रांगेनं जात होते, एकेका डबीला उलटा हात लावत होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाम नव्हता. शेवटच्या डबीवरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

"एकीलेही ताप नाही रे, झुलाल," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

झुलालनं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तो चटकन मागं घेतला.

दवाखान्यात डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी लोटनभाऊ जरा शुद्धीवर आले. त्यांनी झुलालला जवळ बोलावलं आणि एक डबी उघडून आत कोणाची चिप आहे ते पाहायला सांगितलं.

"निळी असन तं मले येऊन सांग. हरलो तं घरच्याकडून हरलो म्हनू." मग म्हणाले, "लाल असन तरी सांग. पेढे तू आनजो. खवा ताजा पाह्यजो."

झुलाल भाईदासांकडे गेला. स्टिकर फाटलं तर वॉरंटी जाते, विचारून सांगतो, असं भाईदास एसीत बसून म्हणाले. विचारण्यात आठवडा गेला. लोटनभाऊ त्याच्या आधीच गेले.

दहाव्याला झुलाल खाली मान घालून बसला होता. कुंदाबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि हळूच विचारलं, "भाऊ, निघाली कोणाची ती? शेवटपर्यंत विचारत होते."

तिथून तो सरळ संस्थेत गेला. कोणाला न विचारता त्यानं एक डबी उचलली, नखानं स्टिकर सोललं आणि स्क्रू काढले. आत पंखा नव्हता, धूळ नव्हती, पेस्टसुद्धा खडू झालेली नव्हती. झुलालनं चष्मा पुसून चिपवरचं नाव दोनदा वाचलं.

चिप मोबाइलच्या चिपा बनवणाऱ्या तिसऱ्याच एका कंपनीची होती. तिचं नाव त्या दोघांनी अकरा वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.