कुंदाच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड

कुंदा झोपेतच गेली, असं तिच्या मुलीनं, स्नेहलनं, सकाळी फोनवर सांगितलं. ऐकून आधी रडू यायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते असं, की हेही हिला एका फटक्यात जमलं… महिना होऊन गेला, तरी त्या विचाराची लाज जात नाही.

आम्ही दोघी एकाच दिवशी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीच्या संगणक विभागात लागलो. मी कारकुनांच्या घरातली, गणितात पहिली येणारी. ती सावनेरकडची, घरी कापसाची शेती. तेव्हा प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका कार्डावर छिद्रं पाडून लिहायची, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. मग रुंद कागदावर छापलेलं लिस्टिंग हाती यायचं. एक स्वल्पविराम राहिला, तरी खाली चुकांची रांग लागलेली. माझी लिस्टिंगं अशीच यायची. कुंदाची बहुतेक वेळा बिनचूक. वर माझा कागद ओढून घेऊन ती बोट ठेवायची, "हे पाय, इथं कंस बंदच नाही केला तू." तिचं बरोबर असायचं. मला ते बोट सहन व्हायचं नाही.

नवं यंत्र यायचं होतं आणि हैदराबादच्या प्रशिक्षणाला एकीलाच पाठवणार होते. साहेबांनी दोघींना एकेक प्रोग्रॅम दिला; जिचा बिनचूक चालेल, ती जाणार. गठ्ठे खिडकीत द्यायच्या दुपारी कुंदा पाणी प्यायला उठली, तेव्हा मी तिच्या गठ्ठ्यातलं सुरुवातीचं एक कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लिस्टिंगला तीन पानं चुका होत्या. पुन्हा चालवून घ्यायला वेळ नव्हता. तिनं कागद वरून खाली दोनदा वाचला आणि म्हणाली, "माह्याकडूनच पंच कराचं राह्यलं वाटते… तू काहून एवढं तोंड पाडून बसली वं? तुह्यं तर झालं ना."

हैदराबादला मी गेले. परत आले तर कुंदा प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीची तिरपी रेघ ओढत होती, म्हणजे एक कार्ड जरी हललं तरी दिसावं. पाहता पाहता सगळी कचेरी तशी रेघ ओढू लागली. पुढे मी तिची वरिष्ठ झाले, आणि माझी लिस्टिंगं तपासायला तिच्याच टेबलावर जात राहिली. साहेबसुद्धा अडलं की तिलाच हाक मारायचे. माझ्या खुर्चीचा मला कधी आनंद झाला नाही.

परवा कुंदाच्या घरी गेले. स्नेहल सांगत होती, "आई म्हणे, एक कार्ड राहिलं माह्याकडून, पण त्यानं मले नीट काम कराले शिकवलं."

"राहिलं नव्हतं," मी म्हटलं. "मी काढलं होतं."

तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "हे आईले सांगितलं होतं?"

"नाही."

ती कप उचलून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. थोडा वेळ थांबून मी चपला घातल्या, फाटक लावून घेतलं आणि ऑटोसाठी कोपऱ्यापर्यंत एकटी चालत गेले. कुंदा असती, तर हे सगळं ऐकूनही ऑटो मिळेपर्यंत माझ्याजवळ उभी राहिली असती… आणि मला तिचा तेवढ्यासाठीसुद्धा हेवा वाटला असता.