मंदाच्या दूर्वांचा कोपरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंदाला तर नाहीच — मंदा म्हणजे माझी बायको, आणि हा सगळा मामला तिचाच आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या कॉलनीतले नाही आणि बनारसच्या ब्रह्मा घाटाकडे तुमचं कुणी नसावं. असलंच तर — असो. आता बसलोय तर सांगतोच.

पण आधी माझ्या लॉनबद्दल बोलू द्या हो थोडं! फुशारकी मारण्यासारखं दुसरं आहे काय माझ्याकडे? बँकेच्या नोकरीनं नाशिकहून बनारसला आणलं, रिटायर होऊन इथलाच झालो, आणि घरापुढे जमिनीचा हा एवढासा तुकडा मिळाला. बनारसमध्ये लॉन राखायचं म्हणजे गंमत आहे का? थंडीत धुकं उतरलं की दूब, म्हणजे लॉनचं गवत, पिवळी पडून झोपी जाते, तेव्हा तिच्या मागे लागायचं नाही. होळीच्या सुमाराला खुरपून चाळलेलं शेणखत पसरायचं. उन्हाळ्यात गरम वाऱ्याची लू सुटली की उजाडताच पाणी, भर दुपारी थेंब नाही. आणि पावसाळ्यात ती अशी माजते, की आज कापावी तर चार दिवसांत पुन्हा घोट्याला लागते! कडेची शेवंती वेगळीच. हा सगळा खटाटोप कशासाठी? तर नवरात्राच्या आधी कॉलनीची बगीचा स्पर्धा असते, तिच्यासाठी. हसा खुशाल.

आता कोपऱ्याकडे येतो. पंपाजवळचा एक कोपरा मंदानं विटा लावून वेगळा केला होता. तिथे मशीन फिरवायची नाही, असा हुकूम. कारण आमची दूब म्हणजेच गणपतीच्या दूर्वा, आणि मशीननं कापलेल्या गवताच्या दूर्वा होत नाहीत. कोवळा, तीन पानांचा, न तुटलेला शेंडा लागतो. तिकडे ब्रह्मा घाटाजवळच्या गल्ल्यांत दगडच दगड, गवताची काडी नाही. तिथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची, घरोघरी गणपती, आणि दूर्वा मात्र बाजारातल्या, मरगळलेल्या.

आम्ही त्यांच्या लेखी 'नोकरीवाले'. म्हणजे आज आहेत, उद्या बदली होऊन जातील. सुरुवातीला मंदा तिकडे हळदीकुंकवाला जायची आणि भिंतीला टेकून, कुणाशी फारसं न बोलता परत यायची. मग एका चतुर्थीला ती तिथल्या एका घरच्या गणपतीला टोपलीभर ताज्या दूर्वा घेऊन गेली — आणि काय सांगू! पुढच्या वर्षीपासून जिन्यावरूनच हाका, "मंदाताई आल्या, मंदाताई आल्या!" तिला थेट स्वयंपाकघरात पाटावर बसवायचे. गावाकडे बहिणी असाव्यात तसं झालं तिचं. ई-रिक्षातून उतरायची ती मोदक आणि गप्पा घेऊन, आणि चेहरा असा फुललेला की बघत राहावं.

आणि मला काय दिसायचं? सगळं लॉन गालिचासारखं आणि एका कोपऱ्यात झिंज्या! शेजारचे त्रिपाठीजी मुद्दाम फाटकापाशी थांबायचे. "भाई साहब, सब बढ़िया है, बस ये कोने में जंगल काहे पाल रखा है?" ओळीनं दोन वर्षं माझा दुसरा नंबर — पहिला कुणाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल. मी मंदाला म्हटलं, यंदा कापू या का जरा? ती म्हणाली, "अहो, तुमच्या बक्षिसासाठी माझ्या गणपतीला उपाशी ठेवू?" विषय संपला.

तिच्यापुरता संपला. माझ्या घरात तणनाशकाची बाटली होती, फाटकाच्या विटांमधलं गवत मारायला आणलेली. मंदा भाजी आणायला गेली आणि मी — कसं सांगू? — फवारणीचा पंप खांद्याला लावला आणि तिच्या कोपऱ्यावर फवारलं. वाईट वाटलं का? छे! शीळ वाजवत होतो.

भीती वाटली ती नंतर. हिनं त्यातल्याच दूर्वा खुडल्या तर? म्हणून ठोकून दिलं, कोपऱ्यात साप दिसला, तिकडे जाऊ नकोस. झालं! अर्धी कॉलनी काठ्या घेऊन हजर. सगळ्यात पुढे त्रिपाठीजी, पायात गमबूट घालून. एक बेडूक निघाला.

पंधरवड्यात कोपरा वाळून कोळसा झाला. त्याच दिवसांत मंदानं कैरीचं लोणचं घातलं होतं. फोडींना मीठ-हळद लावून सुटलेलं खारट पाणी तिनं पंपाच्या पार पलीकडे ओतलं होतं. कोपऱ्यापासून चांगलं लांब, मी बघितलंय. पण वाळलेलं गवत मुठीत धरून ती म्हणाली, "अहो, मीच जाळलं हो! माझंच मिठाचं पाणी!" रडली. गणपतीच्या दूर्वा जाळल्या म्हणून रडली.

तेव्हा बोलायला हवं होतं, नाही का? आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "जाऊ दे मंदा, होतं असं एखाद्या वेळी." म्हणजे मी तिला माफ केलं! ऐकताय ना? मी, तिला! वर ती म्हणाली, तुम्ही किती समजूतदार आहात.

मग मी विटा काढल्या, नवी दूब बसवली आणि सगळं एका उंचीत कापलं. पहिला नंबर आला. स्टीलचा जग मिळाला. सगळ्यात जोरात टाळ्या मंदानं वाजवल्या.

त्या वर्षीच्या चतुर्थीला तिनं बाजारातल्या दूर्वा नेल्या. पुढच्या वर्षी ती उशिरा गेली, आणि आता नुसती आरतीपुरती जाते. प्रसाद घेऊन परत. घरी लोणचं घालणंही तिनं सोडलं. पाहुणे आले की मात्र तो किस्सा स्वतःच रंगवून सांगते — साप, गमबूट, बेडूक आणि शेवटी तिचं मिठाचं पाणी. लोक पोट धरधरून हसतात. मीही हसतो. खरंच हसू येतं मला, हे त्याहून वाईट.

या पावसाळ्यात ब्रह्मा घाटावरून फोन आला. मंदाला पाटावर बसवायचे त्या घरात नवी सून आली आहे, तिचा. मंदा व्हरांड्यात होती, फोन स्पीकरवर. "काकू, सासूबाई अजून तुमच्या दूर्वांची आठवण काढतात. पुन्हा लावाल का थोड्या?"

मी तिथेच शेवंतीच्या कुंड्या भरत होतो.

मंदा हसली. "नको गं बाई. माझ्या हातानं जळतात त्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा ना हो हिला, जळतात की नाही?"

मी म्हणालो, "हो."