कर्टिससाठी कॉलम नव्हता

दहा जानेवारी. सकाळी ऑफिसात बसून मी आमच्याच टीमने हरलेल्या सहा मॅचेसचे व्हिडिओ पाहत होते. आमचे रिबाउंड अचानक का घटले, ते दुपारी जनरल मॅनेजरला सांगायचं होतं.

रिबाउंड म्हणजे बास्केटमध्ये न जाता रिंगवर आपटून परत आलेला बॉल पकडणं. मी या टीमची डेटा अ‍ॅनालिस्ट. कोण किती बॉल पकडतो, किती पॉइंट करतो, हे मोजणं माझं काम. खेळाडू मला ‘मिस स्प्रेडशीट’ म्हणतात.

पाचव्या मॅचमध्ये उत्तर दिसलं. बॉल हवेत असतानाच समोरचे उंच खेळाडू सरळ रिंगखाली घुसत होते. त्यांना कोणी अडवतच नव्हतं. अडवायचा तो कर्टिस. आणि कर्टिसला आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी सोडलं होतं, माझ्या रिपोर्टवरून.

कर्टिस बॅकअप सेंटर होता. सेंटर म्हणजे रिंगजवळ खेळणारा, बहुतेक वेळा टीममधला सगळ्यांत उंच गडी. तो दमला की त्याच्या जागी थोडी मिनिटं उतरतो तो बॅकअप. अकरा वर्षांत कर्टिसच्या आठ टीम झाल्या होत्या. उडी बेताची, शॉट त्याहून बेताचा. पण शॉट चुकला की तो बॉलकडे बघायचाच नाही. आधी माणूस शोधायचा, त्याला पाठ लावायचा आणि रेटत रिंगपासून लांब न्यायचा. याला बॉक्स-आउट म्हणतात. मग रिंगपासून लांब खेळणारा आमचा एखादा बुटका गार्ड येऊन निवांत बॉल उचलायचा. माझ्या शीटमध्ये रिबाउंड त्या गार्डच्या नावावर. कर्टिसच्या नावावर काहीच नाही.

ऑक्टोबरात त्याने मला कॉफी मशीनजवळ गाठलं होतं.

“मिस स्प्रेडशीट, बॉक्स-आउट मोजता का हो?”

“त्याला कॉलम नाही.”

“मग मी कोर्टवर नुसता उभा असतो, असंच वाटत असेल तुम्हाला.”

तो हसला. मीही हसले. तो काय करतो ते मला दिसत होतं. पण मोजलेलं तेवढंच लिहायचं हा माझा नियम, आणि त्याचा मला अभिमानही होता. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘याच्या जागी कोणीही चालेल.’

दुपारी मॅनेजरला क्लिप्स दाखवल्या.

“हे तेव्हा का नाही लिहिलंस?”

“चुकलं माझं. त्याला परत बोलावू या.”

त्याने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर.

“थँक्स, बॉस,” कर्टिस म्हणाला. “पण तीन आठवडे एकाही टीमचा फोन आला नाही. शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन उरकून घेतलं. खेळणं संपलं माझं. सोमवारपासून आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये कोच आहे. पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवलं, ओळखा.”

“बॉक्स-आउट,” मी म्हणाले.

“अरे, मिस स्प्रेडशीट! तुम्ही पण आहात होय?”

मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, “इट्स ओके.” ओके नव्हतं.

कॉलम नसेल, तर रिपोर्टच्या खाली साध्या शब्दांत एक ओळ लिहावी. तेवढंच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शीटमध्ये बॉक्स-आउटचा कॉलम घातला, कर्टिसची या सीझनची पहिली मॅच लावली आणि मोजायला बसले. लंचपर्यंत तीन मॅचेस झाल्या.