आधी पाणी, मग करंट

दोन हजार सालानंतर हिंगोलीत दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. नेमकं त्याच काळात आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र, आयन क्रोमॅटोग्राफ, आलं आणि साहेबांनी जुन्या पद्धतीची रसायनं मागवणंच बंद केलं.

यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरनं सप्रेसर माझ्या हातात दिला. तळहाताएवढी चपटी डबी, आत पातळ पडदे. यंत्रातून फिरणाऱ्या द्रावणाची स्वतःची वीजवाहकता ती दाबते, तेव्हा कुठं पाण्यातला नायट्रेट नीट मोजता येतो. त्यानं शुद्ध पाण्यानं पडदे भिजवले, फुगू दिले, मगच नळ्या जोडल्या.

"पहले पानी, फिर करंट," तो म्हणाला. "पानी रुका और करंट चालू रहा, तो समझो जल गया."

साहेबांनी मान डोलावली. मान ते फार छान डोलवायचे.

माझी धाकटी बहीण कुरुंद्याला दिलेली. तिचं तान्हं लेकरू वरच्या दुधावर होतं आणि दुधाची पावडर दारातल्या हातपंपाच्या पाण्यात कालवली जाई. लेकराचे ओठ निळे पडू लागले. चहूकडे हळदीची शेतं, त्यांत ओतलेला युरिया. खतातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटचा मला संशय आला; मोठ्यांना तो जाणवत नाही, तान्ह्यांचं मात्र रक्त निळं पाडतो. ओसरीवर बसून मी तिच्या सासूबाईंना सांगितलं, पाणी बदला, उकळून उपयोग नाही. पाणी आटतं तसा नायट्रेट वाढतो. बहीण आत लेकराजवळ होती.

"सारं गाव हेच पाणी पिऊन राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "आमाला काहून काही होत न्हाई? आधी तुमच्या मशीनीत बघा, मग सांगा."

मी बाटली भरून आणली. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं, पण नमुना घालायच्या आतच लाईट गेली. सप्रेसरच्या करंटचं बटण बंद करून मी एसटी डेपोवर आलेले नमुने आणायला गेलो. मागे साहेबांनी ते बटण चालू करून ठेवलं. आमच्याकडे तीच रीत. लाईट आलेली कळावी म्हणून घराघरांत बटणं चालूच ठेवायची. लाईट आली. यंत्रात पाणी खेळवणारा पंप त्याचं बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसे, करंट मात्र आपोआप आला. थांबलेल्या पाण्यात पडदे जळून गेले.

मी भर लॅबमध्ये साहेबांवर ओरडलो.

"अरे, घरी ट्यूबलाईटचं बटण तू बंद करतोस का?" ते म्हणाले. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला.

नव्या सप्रेसरची मंजुरी टेबलाटेबलावर फिरत राहिली. मोठ्या लॅबला पाठवलेली दुसरी बाटली तिथं रांगेत पडून होती. मी कुरुंद्याला जाऊन पुन्हा हात जोडले. मशीनीचं काय झालं, एवढंच सासूबाईंनी विचारलं.

सप्रेसर आला तो मी स्वतः भिजवला, स्वतः बसवला. बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. तोवर लेकरू जाऊन पंधरवडा झाला होता.

तरी सांगायला गेलो. सासूबाई ऐकून उठल्या आणि हातपंपाच्या दांड्याला दोरी बांधून आल्या. बहीण माझ्याजवळ येऊन बसली.

"दादा, कच्चं पाणी म्या त्याला एकदाबी दिलं न्हाई. रोज निम्मं होईस्तोवर आटवून पाजलं. बराबर केलं ना म्या?"

"व्हय," मी म्हणालो. "बराबर केलंस."